तालिमखाना : बांधावरील औषधी रानभाजी

भातखाचरांच्या बांधांवर व पाणथळ जागी उगवणारा तालिमखाना म्हणजे आयुर्वेदातील कोकिलाक्ष. पेरांभोवतीचे साधारणतः ६ तीक्ष्ण काटे व निळी-जांभळी फुले ही त्याची ओळख. पश्चिम बंगालमध्ये 'कुलेखाडा' या नावाने त्याची कोवळी पाने भाजीसाठी, तर पानांचा रस रक्तवाढीसाठी वापरतात. भिजवल्यावर बुळबुळीत होणारे बी आयुर्वेदात मूत्रल मानले जाते. लाह्यांचा मखाना ही मात्र निराळी वनस्पती होय.

या पानांवर पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या वाढतात; त्यामुळे कुरतडलेले पान विषारी ठरत नाही. खरा धोका भातावरील फवारणीचा आहे. कीटकनाशकाचे तुषार बांधावरही पडतात. म्हणून फवारलेल्या शेताजवळची किंवा सांडपाण्यातील पाने खुडू नयेत. रक्तक्षय असल्यास तपासणी व वैद्यकीय उपचार अनिवार्यच.