विसरलेला परवलीचा शब्द

किल्ल्याच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द न सांगणाऱ्यास, तो ओळखीचा असला तरी, पहारेकरी आंत घेत नसे. गेल्या वैशाखांत आमची तशीच अवस्था झाली. भेद एवढाच, कीं किल्ला आमचा, पहारेकरी आमचा आणि शब्दही आम्हींच योजिलेला!

वडिलार्जित पोथ्यांची सूची आम्हीं चार वर्षें खपून वाशीमच्या घरीं संगणकावर, मायएस्क्यूएल नामक डेटाबेसमध्यें, उतरविली होती. मध्यंतरीं दोन पोथ्या वाळवीनें खाल्ल्या. त्यांचे आरंभ व अंत त्या सूचींतच काय ते उरले. आणि अमरकोश अद्याप मुखोद्गत असलेल्या आम्हांस त्या डेटाबेसच्या मुख्य अधिकाऱ्याचा, म्हणजे 'रूट'चा, शब्द कांहीं केल्या स्मरेना. एका जाणत्या गृहस्थांनीं सर्व पुसून नव्यानें मांडण्याचा सल्ला दिला. त्या रात्रीं आम्हांस झोंप नव्हती.

सुटींत आलेली नात म्हणाली, "आबा, शब्द शोधूं नका, तो तेथें ठेवलेलाच नसतो." असतो तो त्या शब्दावरून गणितानें काढलेला ठसा, ठशावरून शब्द उलट काढतां येत नाहीं. म्हणून नवाच बसवावयाचा.

तिनें प्रथम सर्व्हर बंद करून माहितीच्या सगळ्या फोल्डरची प्रत दुसरीकडे घेतली. मग 'स्किप-ग्रँट-टेबल्स' ही सूचना देऊन सर्व्हर पुनः चालू केला. या सूचनेनें पहारेकरी कोणाचाच अधिकार तपासीत नाहीं. येईल तो धनी. म्हणून इंटरनेटची तार तिनें आधींच काढिली होती. (आठव्या आवृत्तीपासून जाळ्याची वाट अशा वेळीं आपोआप बंद होते, तरी काढावी.) आंत शिरल्यावर 'फ्लश प्रिव्हिलेजेस' म्हणावें लागतें, तेव्हां अधिकारांची वही पुनः उघडते. ती न उघडतां 'आल्टर यूजर' या आज्ञेनें नवा शब्द देऊं गेल्यास सर्व्हर नकार देतो. आम्हीं घाईनें नेमकें तेंच केलें, आणि जन्मभर दुसऱ्यांस दिलेलीं बोलणीं नातीकडून खाल्लीं! शेवटीं ती सवलत काढून सर्व्हर नेहमीप्रमाणें सुरू करावयाचा. हें विसरल्यास घर उघडेंच राहतें.

"म्हणजे आमच्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणासही हें साधेल?" आम्हीं विचारलें.

"यंत्राची पूर्ण सत्ता ज्याच्या हातीं, त्याला साधेल. शब्द बाहेरच्यांसाठीं, आबा. आंतल्यांसाठीं खोलीला कुलूप लावा."

हें उत्तर आम्हांस अजून पुरतें पचलेलें नाहीं.

नवा शब्द कागदावर लिहून ठेविला आहे. कोठें, तें येथें सांगत नाहीं. तो देऊन आम्हीं प्रथम त्या दोन पोथ्या मागितल्या. पडद्यावर एकीचा अंत आला: लेखनिकाचें नांव, शक, आणि पत्रें एकूण 43.