नातवाचा संगणक आणि आजीची नजर

नातू संगणकावर किती तास बसतो, एवढ्यावरून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात खेळांच्या विकाराची तीन लक्षणे आहेत : ताबा सुटणे, इतर सारे गौण होणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, तेही साधारणतः वर्षभर. गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत आई-वडील बांधीत असतात. तेव्हा अर्धवट जेवण, उडालेली झोप, तुटलेले सवंगडी आजी-आजोबांनाच प्रथम दिसतात. रागावू नये, रोजची नोंद ठेवावी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातच्या भोंग्यानंतर दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. तशी वेळ घरातील थोरांनीही पाळावी. त्रास टिकल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो.