श्वानाचे विलायतगमन

मुंबईहून लंडनला विमानाने कुत्रा नेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थास मुहूर्त काढणाऱ्या जोशीबुवांइतकाच काटेकोर हिशेब मांडावा लागतो. कारण मायक्रोचिप बसवून रेबीजची लस टोचल्यावर किमान ३० दिवसांनी काढलेल्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे भरले, तरी त्या दिवसापासून ३ महिन्यांची मुदत लोटल्याखेरीज प्रवेशाची मुभा नाही. २००० सालापूर्वी तेथे ६ महिन्यांच्या विलगीकरणाची सक्ती होती, हे आठवले म्हणजे तक्रार करवत नाही. फीतकृमीचे औषध पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या अवधीतच पशुवैद्याने देऊन दाखल्यावर तशी नोंद करावयाची असते. साहाय्यक श्वान वगळता इतरांची रवानगी माल म्हणूनच होते. पिंजऱ्याच्या दाराला अडकवलेल्या वाटीतले पाणी आधी गोठवून ठेवले, तर ते चढउतारात हिंदकळत नाही आणि हळूहळू वितळून तहानेला पुरते.