थिबाच्या गावातून अमिताव घोष

रत्नागिरीच्या आजोळी घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हटलं, की आजी ओटीवरूनच टोकायची. ‘जाते काय? येते म्हण.’ निघणाऱ्यानं परत यायचंच बोलायचं, ही रीत इतकी अंगात मुरलेली होती की त्यात क्रियापदाची उलटापालट होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते आलं अमिताव घोषांची ‘द शॅडो लाइन्स’ वाचताना. त्यातली आजी कलकत्त्यात राहते, जन्मानं ढाक्याची. फाळणी होऊन गेलेली आहे, ढाका आता परक्या देशात आहे, आणि ढाक्याला जायचं ठरतं तेव्हा तिच्या तोंडी ‘जाणं’ आणि ‘येणं’ यांची अदलाबदल होते. नातू तिला चिडवतो. पण तिनं तरी काय म्हणावं? आपल्याच घरी ती येणार, की पासपोर्ट घेऊन परदेशी जाणार? कादंबरीच्या दोन भागांची नावंच ‘गोइंग अवे’ आणि ‘कमिंग होम’ अशी आहेत.

त्या दिवसापासून घोषांचं प्रत्येक पुस्तक मी या एका क्रियापदाच्या मागे लागून वाचत आले. त्यांची माणसं प्रेम करतात, संसार मांडतात, बोटीत बसतात, पैसा मिळवतात आणि घालवतात. पण आपण निघालोय की परततोय, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

लेखकाविषयी थोडक्यात. जन्म ११ जुलै १९५६, कलकत्ता. शिक्षण डून स्कूल, दिल्ली आणि ऑक्सफर्डला, तिथे सामाजिक मानवशास्त्रात डॉक्टरेट. पहिली कादंबरी १९८६ची. ‘द शॅडो लाइन्स’ १९८८ची, तिला साहित्य अकादमी पुरस्कार. २०१८चा ज्ञानपीठ, इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळालेला पहिलाच. पत्नी डेबोरा बेकर याही लेखिका. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन आणि गोव्यातलं हळदोणे अशा दोन ठिकाणी घर.

‘द शॅडो लाइन्स’मधलं ढाक्याचं घर मात्र घाईनं मागे टाकवत नाही. भावाभावांत फाटतं आणि घराच्या मधोमध भिंत घातली जाते. वाटणी इतकी काटेकोर की भिंत दारांमधून जाते, संडासातून जाते आणि तिथल्या जुन्या कमोडचेही दोन भाग करते. कोकणात ज्यानं भाऊबंदकी पाहिलीय, त्याला यात काही अतिशयोक्त वाटणार नाही. एका फणसाच्या झाडावरून दोन पिढ्या अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. पण घोष पुढे जातात. भिंतीपलीकडच्या घरात सगळं उलटं चालतं, अशा गोष्टी मोठी बहीण, म्हणजे पुढची आजी, धाकटीला रचून सांगते. धाकटीला ते मनापासून पटतं, आणि मोठी झाल्यावर गोष्ट रचणारीलाच त्या उलट्या घराची ओढ लागते. शत्रुराष्ट्र म्हणजे काय, हे इतक्या घरगुती रीतीनं सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हीच आजी पुढे विचारते, की विमानातून हद्दीची रेघ दिसेल का? आणि मग १९६४ची जानेवारी येते. श्रीनगरच्या हजरतबलमधून पवित्र केस नाहीसा झाला म्हणून खुलना, ढाका आणि कलकत्त्यात दंगली पेटल्या, त्यात या घरातलं एक माणूस जातं. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच दंगली, सारखीच भीती.

आता माझ्या गावाकडे येते.

‘द ग्लास पॅलेस’ २००० साली आली. रत्नागिरीचं नाव आहे एवढ्यावरच मी ती हातात घेतली. थिबा राजवाडा आम्हां पोरांना फक्त सुट्टीत फिरायला जायची जागा म्हणून ठाऊक होता. तांबडा जांभा, अर्धगोल खिडक्या, ब्रह्मदेशातलं सागवान, मागच्या बाजूला राजानं आणलेली बुद्धमूर्ती, आणि जवळच थिबा पॉइंट, जिथून भाट्याची खाडी आणि समुद्र एकदम नजरेत येतात. राजा कोण होता, इथे का होता, हे विचारावंसंही आम्हांला कधी वाटलं नाही.

इतिहास असा आहे. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा. राणी सुपयालात, लहानग्या मुली आणि मोजक्या दासींसह त्याला आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. कारण उघड आहे. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं. तोवर राजा सरकारी बंगल्यात राहिला, आणि राजवाड्यात गेल्यावर सहा वर्षांतच, डिसेंबर १९१६मध्ये, वारला. रत्नागिरीत त्याची तीस वर्षं गेली. त्याआधी दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी उलट दिशेनं रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तो तिथेच पुरला गेला, थिबा इथे.

घोषांनी या राजाला कादंबरीत सज्जात उभं केलंय. हातात दुर्बीण, नजर खाडीवर. कोणती होडी निघाली, कोणती अजून आली नाही, हे तो रोज पाहतो आणि होडी संकटात दिसली की बातमी देतो. गावालाही त्याच्या नजरेचा आधार वाटायला लागतो. मंडालेत असताना जो राजवाड्याबाहेर फारसा पडला नाही, तो इथे कोळ्यांच्या होड्या मोजतो. मी ते पान वाचून एका पावसाळ्यात मुद्दाम थिबा पॉइंटला गेले. सर कोसळून गेली होती, खाडीचं पाणी गढूळ तांबडं होतं आणि त्यातून एक होडी मुखाकडे निघाली होती. वारा आणि भरती यांत तिला वळणापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. शेवटपर्यंत मी तिथून हलले नाही. राजाला वेळ घालवायचा होता म्हणून तो होड्या पाहत असावा, ही माझी समजूत त्या पाऊण तासात गेली. एकदा होडीवर नजर ठेवली की ती सुखरूप जाईपर्यंत काढताच येत नाही.

पण या भागाचा जीव राजात नाही, डॉलीत आहे. राणीबरोबर आलेली ही लहानगी दासी. मंडाले पडलं त्या गोंधळात राजकुमार नावाच्या अकरा वर्षांच्या पोरक्या हिंदी मुलानं तिला पाहिलेलं असतं. कैद्यांची मिरवणूक निघते तेव्हा तो गर्दीतून घुसून तिच्या हातात मिठाईचा पुडा देतो. आणि ती काय करते? शेजारी चालणाऱ्या पहाऱ्याच्या शिपायापुढे तो पुडा धरते. राजकुमार आधी संतापतो, मग त्याला समजतं, की याहून शहाणपणाचं ती काय करू शकली असती? वीस वर्षांनी, सागवानाच्या धंद्यात पैसा कमावून, तो तिला शोधत रत्नागिरीला येतो.

तोवर डॉली आपल्यातलीच झालेली असते. राजकन्या साड्या नेसतात, केस विंचरून वेण्या घालतात, इथलं बोलतात. कलेक्टरची तरुण बायको उमा डॉलीची मैत्रीण. ब्रह्मदेशात परत जायचं का, या प्रश्नावर डॉली तिला सांगते, की तिथे मला आता ‘कला’ म्हणतील. समुद्रापलीकडून येणाऱ्या परक्यांना, विशेषतः हिंदी माणसांना, तिकडे हा शब्द लावतात. मला सगळ्या घोषांत ही जागा सर्वांत मोठी वाटते. कैदखान्याला घर म्हणणारी ती एक बाई, आणि तरी त्यात लाचारी नाही, तिनं आपलं आयुष्य नीट पाहिलंय एवढंच.

थोरल्या राजकन्येची गोष्ट कादंबरीत आहे तशी इतिहासातही आहे. खऱ्या थोरल्या राजकन्येला राजाच्या पदरी नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून मुलगी झाली. राजा गेल्यावर १९१९मध्ये राणी रंगूनला परतली, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला आली आणि १९४७मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत, साध्या संसारात, रत्नागिरीतच जगली आणि ‘द ग्लास पॅलेस’ प्रसिद्ध झाली त्याच साली, २०००मध्ये, गेली. घोष तिच्या आयुष्यात शिरत नाहीत. याची मला आजही हळहळ आहे. ब्रह्मदेशच्या राजाची नात मराठी बोलणारी होती, यावर एक अख्खी कादंबरी कुणीतरी लिहायला हवी.

रत्नागिरी सुटल्यावर कादंबरी मलायात, रबराच्या मळ्यांत, दुसऱ्या महायुद्धात जाते. माणसं फार होतात. पण इंग्रजांच्या फौजेतला अर्जुन, आपण कुणासाठी लढतोय हे समजून आझाद हिंद सेनेत जाणारा, तो विसरत नाही. आणि राजकुमारला लेखकानं सोडलेलं नाही हे मला फार आवडतं. त्याचा पैसा मजूर भरभरून बोटींतून आणण्यातही आहे आणि मळ्यावरच्या एका बाईवर त्यानं केलेल्या जबरदस्तीची फळं पुढच्या पिढीला भोगावी लागतात. घोषांचे एक नातलग रंगूनला सागवानाच्या धंद्यात होते, घरचे त्यांना ‘प्रिन्स’ म्हणत. वडील ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. घरातलीच माणसं होती म्हणून घोषांनी हात आखडता घेतलेला नाही. २००१मध्ये हीच कादंबरी कॉमनवेल्थ पारितोषिकाच्या स्पर्धेतून त्यांनी स्वतः काढून घेतली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. थिबाची गोष्ट लिहिलेल्या माणसाला साम्राज्याच्या आठवणीनं बांधलेलं ते नाव कसं चालावं?

‘इन ॲन अँटिक लँड’बद्दल दोन शब्द तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला ज्यू व्यापारी बेन यीजू आणि त्याचा गुलाम यांचा माग कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदांतून घोषांनी काढला. गुलामाच्या नावाची फक्त तीन अक्षरं लिहिलेली. त्यावरून तुळू जाणणाऱ्यांना विचारत ते ‘बोम्मा’पर्यंत पोचले. इजिप्तच्या खेड्यात मुक्काम करताना शिकलेली बोली त्यांना ती जुनी पत्रं वाचताना उपयोगी पडली. आठशे वर्षांपूर्वीच्या गुलामाला त्याचं नाव परत देण्यासाठी एवढी खटपट केलेला लेखक मला दुसरा माहीत नाही.

आणि अफूच्या व्यापारावरच्या तीन कादंबऱ्यांतली शिरीन मोदी. तिचा नवरा बहराम मुंबईचा पारशी व्यापारी, कॅन्टनला अफू विकणारा. तिथे त्याचं दुसरं माणूस आणि मुलगाही. नवरा गेल्यावर मुंबईच्या घराबाहेर न पडलेली ही विधवा बोटीत बसते, चीनकडे निघते आणि सवतीच्या मुलाला भेटते. भायखळ्याच्या जुन्या पारशी बंगल्यांसमोरून जाताना आता मला तिचा पेटारा दिसतो.

मागच्या खेपेला राजवाड्यात गेले तेव्हा दुपार होती. वरच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मंडालेचा मूळ राजवाडा १९४५च्या मार्चमध्ये, लढाईत, जळून गेला. आज तिथे उभी आहे ती नव्यानं बांधलेली प्रतिकृती. थिबाच्या पायाखालची खरी जमीन उरलीय ती रत्नागिरीत. मी चपला काढल्या. सागवानी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला, ती पावसाच्या दमटपणानं फुगून घट्ट बसली होती आणि तावदान काही केल्या उघडेना. काचेतून खाडी दिसत होती. एक होडी आत येत होती.