दमलेले पाय आणि फोमचे लाटणे



कामगारांची गाऱ्हाणी मांडणारा माणूस आज मालीश कसली शिकवणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण कष्टकऱ्याजवळ भांडवल एकच असते, ते म्हणजे त्याचे शरीर. त्या भांडवलाची झीज कशी होते व ती कशी भरून निघते, हा विषय माझ्या कामाबाहेरचा नाही. आज सायकलने दमलेल्या पायांपुरते बोलतो.

सायकलवाल्यांच्या हाती अलीकडे फोम रोलर नावाचे साधन आले आहे. हातभर लांब, टणक फोमचे ते लाटणेच म्हणा ना. फरक इतकाच, की पोळी करताना लाटणे वर असते. येथे लाटणे खाली आणि माणूस वर. साधन नवे असले तरी कल्पना जुनी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, त्याने श्रम व वात दूर होतात, असे सांगितले आहे. तालमीत पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात. रोलरला मात्र दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही. स्वतःच्या वजनानेच दाब मिळतो.

आता पाय दुखतात कशाने, ते पाहू. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, असे पुष्कळांना वाटते. परंतु श्रम थांबल्यावर ते साधारण तासाभरात ओसरते, आणि ठणका तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे कारण स्नायूंतील बारीक इजा हे असावे, असे मांडले होते. ताणला जात असतानाच भार पेलावा लागला, की स्नायूला अशी इजा अधिक होते. म्हणून डोंगर चढण्यापेक्षा उतरल्यानेच मांड्या जास्त भरून येतात. पॅडल मारताना स्नायू बहुतेक आखडत जोर लावतो; त्यामुळे सायकलवाल्याला हा ठणका तुलनेने कमी. त्याचे पाय जड होतात ते बहुधा स्नायूंतला साखरेचा साठा संपल्यामुळे व विश्रांती न मिळाल्यामुळे.

मग रोलर करतो काय? तो स्नायूतील गाठी फोडतो, असे सांगतात. तसा पुरावा नाही. मांडीच्या बाहेरील जाड पट्टा तर रोलरने लांब होण्याइतका मऊच नसतो. एका पायाची पोटरी लाटली तर दुसऱ्या पायाच्याही दुखऱ्या जागा कमी दुखतात, असे प्रयोगांत दिसले आहे. याचा अर्थ, काम मुख्यतः मज्जासंस्थेवर होते. दुखण्याची जाणीव उतरते. २०१९ साली २१ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. श्रमानंतर रोलर वापरल्याने दुखणे सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी कमी भासले. लाभ आहे, पण लहान आहे.

कृती अशी. पालथे होऊन कोपरांवर भार घ्यावा, रोलर मांडीखाली ठेवावा आणि गुडघ्याच्या वरपासून जांघेपर्यंत सावकाश पुढे-मागे सरकावे. पोटरीसाठी बसून हात मागे टेकावेत. मांडीची मागची बाजू व कुल्ला यांनाही तसेच. प्रत्येक जागी मिनिटभर पुरे. दुखरी जागा लागली तर वीस-तीस सेकंद थांबून श्वास सोडावा. दात-ओठ खाण्याची वेळ आली, तर दाब जास्त झाला असे समजावे. रोलर नसेल तर घरातले लाटणे पोटरीवर हाताने फिरवावे, तळपायाखाली चेंडू घ्यावा, नाहीतर तेल लावून अंगठ्यांनी घोट्याकडून गुडघ्याकडे चोळावे.

हाडावर, गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागावर, फुगलेल्या शिरांवर व ताज्या जखमेवर दाब देऊ नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजली, तापली व दुखू लागली तर तिला मुळीच चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. फार श्रमानंतर लघवी काळपट झाली, तरी तडक दवाखाना गाठावा. आणि गुडघे रोजच दुखत असतील तर आधी सीट पाहा. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा.

चोळून दुखणे हलके होते, पण झीज भरून येते ती अन्न, पाणी आणि झोप यांनीच. भाकरी-भाताने साखरेचा साठा भरतो, डाळ-शेंगदाण्यांनी डागडुजी होते, आणि पूर्ण रित्या झालेल्या स्नायूला तरीही जवळजवळ एक दिवस लागतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघांच्या गटात ती आळीपाळीने होते. एक सायकलवर असताना दुसऱ्याला पाठ टेकता येते. इतक्या मोठ्या पराक्रमातही विसाव्याची जागा आधीच राखलेली असते.

कष्टकऱ्याच्या दिवसात ती कोणी राखून ठेवत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि ती १८९० साली मिळाली. शरीरशास्त्र आज जे सांगते, तेच त्या मागणीत होते. आपल्या शिरूर कासार तालुक्यातील ऊसतोडीची माणसे या दिवसांत हंगाम संपवून परतलेली असतात. दिवसभर वाकून तोड आणि डोक्यावर मोळी, त्यांच्या कंबरेला व मांड्यांना सायकलवाल्यापेक्षा मोठी इजा होते. त्यांना तेल द्या, लाटणे द्या, हरकत नाही. पण हंगामातही त्यांना सुट्टीचा दिवस आणि पुरी झोप मिळाली पाहिजे. मालीश ज्याची त्याला करता येते. सुट्टी मात्र सर्वांनी मिळून मिळवावी लागते.