पिन बसली, म्हणजे वीज जुळली का?

तत्त्वज्ञानाचा मास्तर विजेवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. पण या विषयाची फी आम्ही भरलेली आहे, तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार पोचतो.

आमच्या सौभाग्यवतींना दम्याचा त्रास आहे. काही वर्षांपूर्वी लेक अमेरिकेहून आली, ती नेब्युलायझर घेऊन आली. औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासावाटे देणारं यंत्र. तिकडच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात जात नाहीत, म्हणून आम्ही दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला. पिन चपखल बसली. आम्हांला वाटलं, काम झालं. एका रात्री दोन वाजता त्यांना धाप लागली आणि यंत्र प्रथमच लावलं. मोठी घरघर झाली, जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि सगळं थंड. शेजाऱ्यांनी धावत त्यांचं यंत्र आणून दिलं, म्हणून ती रात्र निभावली.

आयुष्यभर आम्ही न्यायशास्त्र शिकवलं. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. त्या रात्री धूर आमच्याच घरात निघाला, आणि चुकलेलं अनुमानही आमचंच होतं. ‘पिन बसते, म्हणून यंत्र चालेल.’ या दोन गोष्टींत व्याप्तीच नाही! अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. वीज आहे तशीच आत जाते.

आता ही वीज म्हणजे काय, ते बघू. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, पाण्याच्या टाकीच्या उंचीसारखा. हर्ट्झ म्हणजे प्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो तो आकडा. दाब दुप्पट झाला तर उष्णताही दुप्पट होईल, असं आपण सहज धरतो. तसं नाही. दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट होतो, आणि शक्ती या दोहोंच्या गुणाकाराइतकी, म्हणजे चौपट. अमेरिकेतली १००० वॉटची किटली इथे थेट लावली, तर ती सुमारे ३६७० वॉट ओढू पाहील. जळेल नाही तर काय? उलट इथला मिक्सर लेकीकडे डॅलसला नेला, तर त्याला निम्माच दाब मिळतो. चटणीचे दाणे नुसते इकडून तिकडे फिरतात.

म्हणून उपकरणाच्या किंवा चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचावीत. चष्मा लावून वाचावीत. तिथे ‘१०० ते २४०’ व्होल्ट आणि ‘५०/६०’ हर्ट्झ असेल, तर निर्धास्त राहा. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा असेच असतात. तिथे अ‍ॅडॉप्टर पुरतो. मात्र यंत्र तीन पिनांचं असेल तर अ‍ॅडॉप्टरलाही अर्थिंग हवं.

नुसतं ‘१२०’ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो यंत्राच्या वॉटपेक्षा बराच मोठा घ्यावा. १००० वॉटच्या किटलीला १५०० तरी हवा. असा ट्रान्सफॉर्मर चांगला जड असतो. स्वस्तातली किटली वाचवायला एवढं लोखंड आणि तांबं घरात आणायचं का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

इतकं केलं की झालं? इथेच दुसरा सापळा आहे. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. याचं सुरेख उदाहरण जपानचं. सबंध देशात दाब १०० व्होल्ट, पण टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली, ओसाकाने अमेरिकेहून. तो भेद आजही मिटलेला नाही. एकाच देशात दाब जुळतो आणि तरी वीज जुळत नाही!

किटली, इस्त्री यांना हर्ट्झचं सोयरसुतक नसतं. पण विजेच्या ठेक्यावर चालणारं ६० हर्ट्झचं घड्याळ ५० वर लावा, ते तासाला दहा मिनिटं मागे पडेल. तशा प्रकारच्या मोटारीही सावकाश फिरतात आणि जास्त तापतात. आमच्या त्या यंत्रावर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असं स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणला असता, तरी ते चाललं असतं, पण मंद. बघणाऱ्याला वाटलं असतं, यंत्र चालू आहे. आणि रुग्णाला मात्र औषध पुरेशा जोराने मिळालं नसतं. बंद पडलेलं यंत्र निदान आपली चूक दाखवतं. मंद चालणारं तेही दाखवत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. ज्यावर श्वास अवलंबून आहे, ते यंत्र इथल्या विजेसाठी बनवलेलं, इथेच घ्यावं. आणि कोणतंही यंत्र गरज पडण्याआधी, दिवसाउजेडी, लेबल वाचून, एकदा चालवून बघावं.

लेबलावरचा आकडा म्हणजे त्या वस्तूचा अंगभूत गुण नव्हे. ते ‘जर-तर’चं वाक्य आहे. जर १२० व्होल्ट मिळाले, जर ६० हर्ट्झ मिळाले, तर १००० वॉट. आम्ही ‘तर’ वाचला आणि ‘जर’ सोडून दिला. लेकीने ते यंत्र मायेनेच आणलं होतं, त्यात शंका नाही. पण मायेने आणलेल्या वस्तूचंही लेबल वाचावं लागतं. आता घरात इथलंच यंत्र आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही ते पाच मिनिटं चालवून बघतो. सौभाग्यवती हसतात. हसू देत.