वीस तासांचा हिशेब

सप्टेंबरात आमच्या काउंटरवर जो येतो त्याला बँकेसाठीचं पत्र हवं असतं. मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी मदतकक्षात काम करते. गाव मैंदर्गी, घरात कन्नड, शाळेत मराठी. त्यामुळे मुलगा कलबुर्गीचा असो की लातूरचा, खुर्चीत बसला की पाच मिनिटांत त्याची भाषा बदलते, आणि मग पत्र बाजूला राहतं.

पत्राचं काम सोपं. नाव, कोर्स, इथला पत्ता, शिक्का. वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरून आलेली मुलं ‘पैसे लागतील’ म्हणून ताप अंगावर काढतात. त्यांना दवाखान्यात नाव नोंदवायला पिटाळायचं. अवघड असतो तो वीस तासांचा हिशेब.

पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी करता येते. आठवडा सोमवार ते रविवार. दोन ठिकाणी काम असेल तर तासांची बेरीज एकत्र. सरासरी चालत नाही: या आठवड्यात 24 आणि पुढच्या आठवड्यात 16 केले तरी नियम मोडलाच. स्वतंत्र धंदा तर मुळीच नाही, आणि सायकलवरून जेवण पोचवणं बहुतेक वेळा त्यातच मोडतं. “पण अक्का, मी वीसच्या आतच आहे की,” मित्राच्या नावावर फेऱ्या मारणारा पोरगा म्हणतो.

तो फेऱ्या का मारतो, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. व्हिसासाठी फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दाखवावा लागतो. आमच्या भागात वडिलांच्या खात्यातली ती रक्कम पुष्कळदा भावकीची असते. काकाचं उसाचं बिल, मामाची मोडलेली एफडी. काम झालं की ज्याचे त्याला परत. कागदावर ऐपतदार असलेला मुलगा इथे उतरतो तेव्हा त्याच्याकडे दोन महिन्यांचं भाडंही नसतं.

मी त्याला ‘चालेल रे’ म्हणू शकत नाही. इमिग्रेशनचा सल्ला ऐऱ्यागैऱ्याने देणं 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे. विद्यापीठांना आपल्या विद्यार्थ्यांपुरती मुभा आहे, तीही नियमात राहून. म्हणून मी आमच्या सल्लागाराची वेळ घेऊन देते, आणि अडीअडचणीच्या निधीचा अर्ज तिथल्या तिथे भरून घेते.

आमचं विद्यापीठ या मुलांचं व्हिसापुरतं जामीनदारही आहे. मुलगा वर्गातून नाहीसा झाला, नाव काढलं गेलं, की कामाच्या दहा दिवसांत गृहखात्याला कळवावं लागतं. मदत करणारं आणि कळवणारं कार्यालय एकच. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं असं माझं मत. स्वागताच्या आठवड्यात मात्र फुगे आणि फुकटचा पिझ्झा असतो.

कधी गावाकडून फोन येतो. कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो. जमीन गहाण टाकून फी भरलेले वडील विचारतात, “अक्का, पोरगा कॉलेजला जातोय का न्हाई, एवढं तरी सांगा की.” मुलगा सज्ञान आहे, त्याची संमती नसेल तर हजेरी सोडाच, तो आमच्याकडे शिकतो हेही मला सांगता येत नाही. मैंदर्गीत अख्ख्या गल्लीला कुणाचं पोर कुठे आहे ते ठाऊक असतं, तिथल्या माणसाला हे कसं पटावं? त्यांना मी उर्मट वाटते. फोन ठेवला की मुलाला निरोप पाठवते: आज रात्री घरी फोन लाव.